थंड पाण्याची सबब

९ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी दचकशील आणि मग म्हणशील, "हिला फोन करायला काय धाड भरली होती?" धाड काही भरली नव्हती. फोनवर तू जिंकतेस, म्हणून लिहितेय. मी "हॅलो" म्हणेपर्यंत तुझा निकाल जाहीर झालेला असतो आणि मग मी नुसती हो ला हो करत बसते. शिवाय सध्या माझा आवाज बसलाय. काल मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर आईने विचारलं, "कोण आलंय गं? गॅसवाला का?"

आई ठणठणीत आहे. खिडकीत खुर्ची टाकून समोरच्या इमारतीवर पाळत ठेवते. तिसऱ्या मजल्यावरच्या नवरा-बायकोचं भांडण मिटलं, हे मला तिच्याकडूनच कळलं.

तर मुद्दा नाकाचा आहे. थंडी सुरू झाल्यापासून माझी डावी नाकपुडी चोंदलीये. सर्दी म्हणून सोडून दिलं होतं. वाफ घेतली, थेंब घातले, काही उपयोग नाही. आत खपली धरते, ती निघाली की रक्त येतं, आणि सकाळी उशीच्या अभ्र्यावर डाग असतात. आईचं म्हणणं, लहानपणी नाकात बोटं घालायचीस त्याचं हे फळ. आणि त्यावर तिचं ठरलेलं वाक्य: "ताईला विचार. तिला कळतं त्यातलं."

म्हणून विचारतेय. मी तुझ्या प्रयोगशाळेत तुझ्या हाताखाली होते तेव्हाचा, माझ्या मनगटावरचा तो फोड आठवतो ना? विसरली असशील असं नाही, सुई तुझ्याच हातात होती. मी बाटली धरून उभी, तू काहीतरी बघायला वळलीस आणि टोक माझ्या मनगटात. दोघी हसलो होतो. टेबलावर त्या दिवशी परजीवीचे दोन्ही वाण उघडे होते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसतात, कुणाच्या बापाला ओळखू येणार नाहीत, पण स्वभाव वेगळे. एक कातडीवर फोड आणतो, काही महिने मुक्काम करतो आणि डाग ठेवून निघून जातो. त्याला तू 'पाहुणा' म्हणायचीस. दुसऱ्याचा फोडही असाच सुकतो, पण तो स्वतः जात नाही. आत दबा धरून बसतो, आणि काही वर्षांनी एखाद्याच्या नाकातोंडात वर येऊन तिथलंच खायला लागतो. तो 'घरजावई'. सगळ्या प्रयोगशाळेने ती नावं उचलली होती. तुमचे साहेबसुद्धा एकदा भर बैठकीत घरजावई म्हणून गेले आणि मग खोकत बसले.

तू वाण ओळखायचा तुझा तो प्रोब लावून बघितलंस आणि सांगितलंस, पाहुणा आहे. म्हणून मी घरजावयावरची ती जालीम इंजेक्शनं घेतली नाहीत. फोड सुकला, डाग राहिला, विषय संपला. मग मी नोकरी घेऊन इकडे आले, आईला घेऊन आले, आणि इतकी वर्षं मनगटाकडे ढुंकूनही बघितलं नाही.

तो पाहुणाच होता ना गं? एवढंच कळव. भावजींना नमस्कार सांग.

तुझी बारकी


२ मार्च

ताई,

तुझं पत्र चार ओळींचं, पण पोचलं. "पाहुणाच होता, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, उगाच मनाचे खेळ करू नकोस, धुळीची ॲलर्जी असेल, नाकाच्या डॉक्टरला दाखव." दाखवलं.

आमच्या हॉस्पिटलचे नाकाचे डॉक्टर म्हणजे मोजून बोलणारा माणूस. नळी घालून बराच वेळ आत बघत राहिले आणि मग त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली. "हा डाग कशाचा?"

मी म्हटलं, "जुना आहे. तो साधा वाण होता."

"कुणी सांगितलं?"

"माझ्या बहिणीने. ते ओळखण्याचा प्रोब तिनेच तयार केलाय."

"मग एकदा बघून टाका," म्हणाले, आणि नाकातला एक कण काढून बाटलीत घालून माझ्याच हातात दिला.

तुझा प्रोब आता आमच्याकडेही येतो, बर्फात बसून, तुझ्या सहीचं सूचनापत्रक गुंडाळून. बाहेरगावच्या रुग्णांचे नमुने मी त्यानेच तपासते. पण स्वतःचा नमुना लावताना बाटलीवरचं नाव दोनदा वाचलं. डॉक्टर शेजारी येऊन उभे राहिले, त्यांना हे प्रकरण नवं. त्यांना मी तुझंच चेनचं उदाहरण दिलं. प्रोब म्हणजे जाकिटाच्या चेनची अर्धी बाजू. परजीवीचा डीएनए उकलून त्याचा ठिपका पांढऱ्या नायलॉनच्या तुकड्यावर, म्हणजे आपल्या 'रुमाला'वर द्यायचा आणि त्यावर ही अर्धी चेन सोडायची. आपली जोडीची बाजू सापडली की ती लागते. पण जवळच्या मापाची सापडली तरी अर्धवट लागतेच, म्हणून मग रुमाल गरम पाण्यात धुवायचा. ते म्हणजे चेन ओढून बघणं. खरी लागलेली टिकते, उसनी सुटून येते. प्रोबवर किरणोत्सर्गी खूण असते, त्यामुळे तो जिथे टिकला तिथे फिल्मवर काळा ठिपका उठतो. वाण दोन, म्हणून प्रोब दोन आणि रुमालही दोन. "सोपं आहे," डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, "बहिणीचं उदाहरण आहे. ती सांगते तेव्हा सगळं सोपंच वाटतं."

फिल्म काढली. पाहुण्याचा रुमाल कोरा. घरजावयाच्या रुमालावर टपोरा काळा ठिपका.

मी खुर्ची ओढून खाली बसले. डॉक्टरांनी स्वतः जाऊन माझ्यासाठी पाणी आणलं, आणि या माणसाने आजवर कुणाला पाणी दिलेलं मी बघितलेलं नाही. आधी वाटलं, हा परजीवी पसरवणारी माशी नव्याने चावली असेल. पण या शहरात ती माशीच नाही, आणि इथे आल्यापासून मी गावाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. म्हणजे हा तोच, मनगटातून शिरलेला.

ताई, मी खूप विचार केला आणि काय झालं असेल ते मला कळलंय. त्या दिवसांत आपलं धुण्याचं पाणी धड तापायचं नाही, आठवतं? त्या जुन्या टाकीला आपण टॉवेल गुंडाळायचो आणि तू तिला "थंडी वाजतेय बिचारीला" म्हणायचीस. पाणी थंड राहिलं असणार. उसनी चेन सुटली नसणार, आणि पाहुण्याचा प्रोब माझ्या ठिपक्याला खोटाच चिकटून राहिला असणार. तू काळा ठिपका बघितलास आणि पाहुणा म्हणालीस. चूक कुणाच्याही हातून होते. मी तुला दोष देत नाहीये. फक्त तसंच झालं का ते सांग, म्हणजे माझ्या डोक्यातला भुंगा थांबेल.

इंजेक्शनं सोमवारपासून. आईला सांगितलंय, ताकदीची आहेत.

बारकी


१४ मार्च

माझी लाडकी ताई,

रडू नकोस. पत्रात शाई फुटलेली दिसली. तुझ्या वळणदार अक्षराचा असा चिखल मी कधी बघितला नव्हता. "हो, तसंच झालं असणार, पाणी थंड होतं, माझं लक्ष नव्हतं, मला माफ कर."

केलं माफ. पत्र वाचून मीही न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं, पण ते सुटल्यासारखं रडणं होतं. गेले काही दिवस माझ्या मनात तुझ्याबद्दल काय काय येऊन गेलं ते मी तुला कधीच सांगणार नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, तसं झालं होतं माझं.

इंजेक्शनं मात्र भलतीच आहेत. सांधे असे धरतात की आई जिना माझ्या आधी चढते आणि वरून म्हणते, "ये गं म्हातारे." हृदयाला त्रास होतोय का ते बघायला सारखा आलेख काढतात. डॉक्टर म्हणाले, नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलंय, ते भरून यायचं नाही. बाहेरून नाक बसू नये म्हणून ही सगळी धडपड. आवाजाचं आत्ताच सांगता येत नाही.

आईला खरं काय ते आपण दोघी मिळून सांगू, तू आलीस की. माझ्या एकटीने सांगण्यात अर्थ नाही, ती म्हणेल, "ताईला विचारलंस का?"

तुझी, तुझीच,
बारकी


१९ मार्च

मागचं पत्र फाडून टाक.

वर 'ताई' लिहिलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. हात वळला नाही.

परवा आमच्याकडे वीज गेली. धुण्याचं पाणी कोमटच राहिलं. नमुने खोळंबले होते म्हणून मी रुमाल तसेच धुतले. आज फिल्म काढली तर ज्यांना लागण आहे त्या सगळ्यांचे ठिपके दोन्ही रुमालांवर. पाहुण्याच्या रुमालावर सगळे काळे, घरजावयाच्या रुमालावरही सगळे काळे. फिल्म उजेडाला धरून मी उभी राहिले आणि पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय ते मला कळलं.

थंड पाण्याने उसनी चेन सुटत नाही, बरोबर. पण खरी तर लागलेलीच असते. ती कुठे जाणार? पाणी थंड असतं तर त्या दिवशी तुला दोन्ही रुमालांवर ठिपके दिसले असते. फार गरम असतं तर दोन्ही कोरे दिसले असते. पाण्याची कसलीही चूक झाली तरी एकट्या घरजावयाचा ठिपका पुसला जात नाही. तो तिथे होता. तुझ्या डोळ्यांसमोर होता.

मी ती सबब शोधली कारण मला तू निर्दोष हवी होतीस. ज्याला बुडायचं नसतं तो काडीलाही हात घालतो, माझं समजण्यासारखं आहे. पण तू? स्वतःच्या लग्नात फोटोग्राफरला उजेड कुठून घ्यायचा ते शिकवणारी तू. चहात आधी साखर की आधी दूध यावरून माझी शाळा घेणारी तू. माझ्या कुठल्या चुकीला आजवर सोडलंस? हे थंड पाण्याचं खूळ मी लिहून पाठवल्यावर माझी ताई असती तर तिने उलट टपाली झापलं असतं, "बारके, डोकं ठिकाणावर आहे का? थंड पाण्याने ठिपके वाढतात, जात नाहीत. एवढं शिकवलेलं विसरलीस?" त्या शिव्या खाऊन मी सुखाने झोपले असते. त्याऐवजी तू लिहिलंस, हो, तसंच झालं असणार. आयुष्यात पहिल्यांदा तू माझी चूक सुधारली नाहीस.

नमुन्यांची अदलाबदल झाली असं लिहिलं असतंस तरी मी मरेपर्यंत विश्वास ठेवला असता. एवढी हुशार तू, पण मी हातात दिलेली पहिलीच सबब घेऊन मोकळी झालीस.

आता तो दिवस मला नीट दिसतो. अंधाऱ्या खोलीतून तू एकटीच बाहेर आलीस. मी म्हटलं, "बघू." तू म्हणालीस, "ओली आहे अजून." आणि माझ्या खांद्यावर हात टाकून थेट कॅन्टीनमध्ये नेलंस. पाहुणा निघाला म्हणून मला केक खाऊ घातलास. तुझ्या वाटचाही मीच खाल्ला, तू म्हणालीस भूक नाही. भूक नव्हती ते खरंच असेल. पुढच्या आठवड्यात बाहेरून तपासणीची मंडळी येणार होती, तुझा प्रोब सगळ्या दवाखान्यांना द्यायचा की नाही ते ठरवायला. तुझ्याच सुईने, तुझ्याच खोलीत, तुझ्याच माणसाला घरजावई लागला हे कळलं असतं तर दाराला कुलूप पडलं असतं. इंजेक्शनं मागवायची तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून तू मागवली नाहीस.

हे मला तेव्हाच सांगितलं असतंस ना, तर मी म्हणाले असते, ताई, कुणाला कळू देऊ नकोस, पण माझ्यासाठी इंजेक्शनं कुठूनही आणून दे. मी तोंड शिवून घेतलं असतं. तू मला विचारलंच नाहीस. मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून निजल्यासारखी निर्धास्त होते आणि तू केसाने गळा कापलास.

मला राग आलाय. इतका, की इंजेक्शन देणारी नर्स आज म्हणाली, "हात सैल सोडा हो, सुई वाकेल माझी."

मला एकच उत्तर हवंय. तो ठिपका बघितला होतास की नव्हता? हो किंवा नाही. चार ओळीसुद्धा नकोत.

बारकी


३० मार्च

उत्तर नाही. फोन मात्र केलास, मी कामावर गेल्याची वेळ साधून, आईला.

आई खूश आहे. म्हणाली, "बराच वेळ बोलली. इथल्या हवेचं विचारलं, माझ्या गुडघ्यांचं विचारलं."

मी म्हटलं, "आणि माझ्या नाकाचं?"

"ते राहिलं वाटतं. किती व्याप असतात तिच्यामागे."

ती तुझीच बाजू घेणार आणि मी तिला अडवूही शकत नाही, कारण तिला काही माहीतच नाही. झाकली मूठ तुझी आणि हात माझा दुखतोय.

आमचे मोठे डॉक्टर रोज विचारतात, लागण कुठे झाली? इथे माशी नाही, त्यामुळे त्यांना ते वर कळवावं लागतं. मी रोज सांगते, आठवत नाही. ते चष्म्यावरून बघत राहतात. प्रत्येक रुग्णाला "कुठे राहिला होतात, कुठे झोपला होतात" असं खोदून विचारणारी बाई मी, आणि माझंच मला आठवत नाही. त्यांनाही काय वाटत असेल ते वाटत असेल.

अजून थांबलेय. तुझ्यासाठी थांबलेय, हे लक्षात असू दे.

बारकी


८ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मिळालं. "बघितला होता. घरजावयाचा ठिपका काळाभोर होता, दुसरा रुमाल कोरा. मला वाटलं, शंभरातल्या थोड्यांच्याच नाकात जातो, तुझ्या जाणार नाही. रोज वाटायचं, उद्या सांगू. मग तू बरी दिसायला लागलीस."

म्हणजे पाणी थंड नव्हतंच. तू चोख धुतलं होतंस.

थोड्यांच्याच नाकात जातो हे खरं आहे. पण असली पैज लावायचीच होती तर स्वतःचं नाक लावायचं होतंस, ताई.

आता एक गोष्ट कळवते. टोमणा म्हणून नाही, तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून. आज सकाळी मी मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. सुई कुणाच्या हातात होती, बाटल्या कुठल्या टेबलावर होत्या, तपासणी कुणी केली आणि मला काय सांगितलं गेलं. ते सगळं लिहून घेत गेले. शेवटी फक्त विचारलं, "सख्खी बहीण?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्यासमोरच तुमच्या साहेबांना फोन लावला. दुपारी घरी आले तर आई दारातच पाकीट घेऊन उभी. "ताईचं पत्र आलंय. मी फोडलं नाही हं."

हेच पत्र काल आलं असतं तर? जिन्यात उभी राहून मी तोच विचार करत होते. खरं सांगते, मी उद्याही आणि परवाही 'आठवत नाही'च म्हणत राहिले असते. मला तुझा 'हो' हवा होता, बाकी काही नको होतं. तेवढ्यावर मी तुझं सगळं झाकलं असतं, इतकी मी तुझी होते. आता माझ्या हातात काही राहिलेलं नाही. तुझ्याकडे माणसं येतील, विचारतील, त्या टेबलावर काम केलेल्या बाकीच्यांनाही तपासतील. प्रोब थांबू नये असं मला मनापासून वाटतं. चांगला आहे तो. माझं खरं मला त्यानेच सांगितलं, तू नाही.

माझं म्हणशील तर नाक बाहेरून शाबूत राहील. आत मात्र आरपार आहे. श्वास घेताना शिट्टी वाजते आणि आई किटली उतरवायला उठते. आवाज हाच राहणार, गॅसवाल्याचा. दारावर कुणी आलं की मी आतूनच "कोण आहे?" म्हणते आणि लोक नीट सरळ उभे राहतात, तेवढा एक फायदा.

आईला मी अजून काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तिला वाटतं, मी हट्टी आहे, एवढं होऊनही तुझा सल्ला घेत नाही. आत्ताही मी लिहितेय आणि ती खिडकीतून मान वळवून म्हणतेय, "ताईलाच लिहितेयस ना? मग नाकाचं नीट विचार तिला. तिला कळतं त्यातलं."

म्हणून विचारते. कधी येतेस? इथे, या खिडकीपाशी, तिच्यासमोर बसून तिला सांगायचंय, आणि ते तू सांगायचंस.

बारकी